जर्मनीला जायच्या आधी ठाण्यातच करून बघायच्या गोष्टी

एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाऊन आले, आता कॉलेजातल्या ज्युनियर मुली रोज विचारतायत की ताई बॅगेत काय काय भरू. सांगते, पण बॅग काय दोन दिवसात भरून होते. तिथल्यासारखं राहायची सवय आधी महिनाभर घरीच करून बघायची असते, ती कोणी करत नाही. मीही केली नव्हती.

शनिवारी रात्री पोचले, रविवारी उठून दूध-ब्रेड आणायला खाली उतरले तर सगळं बंद. तिकडे रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच, सुपरमार्केटसुद्धा, मोठ्या स्टेशनात एखादं उघडं सापडलं तर नशीब. नौपाड्यात वाढलेल्या मुलीला हे कसं सुचणार, आपल्याकडे कोथिंबीर संपली तरी दहा मिनिटांत दारात येते! प्रवासातल्या तीन तिखटमिठाच्या पुऱ्या उरल्या होत्या, त्यावर दिवस काढला. म्हणून जायच्या आधीचे चार रविवार असं करा, शनिवारी संध्याकाळपर्यंत गावदेवीतून काय ते आणून ठेवायचं, रविवारी ॲपला हात लावायचा नाही आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करायचा. आई हसेल, हसू दे.

स्वयंपाक शक्यतो इंडक्शनवर करा, कारण माझ्या हॉस्टेलला गॅस नव्हता, काचेची इलेक्ट्रिक शेगडी होती आणि ती बंद केली तरी बराच वेळ गरमच राहते, गॅससारखं बटण फिरवलं की संपलं असं नाही, पहिल्या आठवड्यात माझी दोनदा डाळ लागली. कुकर न्यायचा तर सपाट बुडाचा, छोटा. फोडणी खिडकी उघडून, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खा मजला दारात येऊन उभा राहतो (विचारू नका).

खाऊचं नीट ऐका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या सगळं बाद, आणि हापूसही नाही नेता येत. आमच्या आईने तुपाची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलीच होती, आदल्या रात्री वजन करताना सापडली. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची सुकी चटणी न्या, पण मसाला दुहेरी पिशवीत आणि तोंडाला सेलोटेप. माझा फुटला, फेब्रुवारीपर्यंत त्या स्वेटरला गोड्या मसाल्याचा वास येत होता, लायब्ररीत शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली की तुझ्याजवळ बसलं की भूक लागते.

कागदांमध्ये महत्त्वाचं एकच, राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. ते पत्र कोण देणार हे निघायच्या आधीच मेल करून विचारा, जमलं तर अपॉइंटमेंटही इथूनच घ्या. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधांच्या दुकानातच मिळते. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर चालतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॅप्टर लागतो. जाड जॅकेट तिकडेच घ्या, उगाच किलो वाया घालवू नका.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकू नका. बहुतेक बाटल्या-कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की परत मिळतं. रद्दीवाल्याला घरी थांबवून वजनावर वाद घालणाऱ्या घरातली मी, दोन आठवडे कचऱ्यात टाकत होते.

बँकेचे ओटीपी इथल्याच नंबरवर येतात, तेव्हा इंटरनॅशनल रोमिंग घरूनच चालू करून घ्या. आणि फोनची वेळ आईबरोबर आधीच ठरवा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार होतो. आमच्याकडे हे कोणाला माहीत नव्हतं, आई रोज सकाळी सातला पूजा झाली की फोन करायची आणि मी अडीचला अंधारात उठून सांगायची, हो, जेवले.