३०६० की ४०६०? ग्राफिक्स कार्ड कम्पेअर करताना या चुका टाळा

मावसभाऊ नाशिकला असतो, रात्री साडेदहाला त्याचा फोन. "दादा, नवीन ४०६० टाकलं पण मित्राच्या ३०६० एवढेच एफपीएस येतायत रे, दुकानदाराने खराब पीस दिला का?" (३०६० आणि ४०६० ही एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं, आणि एफपीएस म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते.) कार्ड एकदम ठणठणीत होतं, गडबड कम्पेअर करण्यात होती. आणि त्याच त्याच चुका मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितल्यात की आता सगळं एकदा लिहूनच काढतो, कारण पोरं वर्ष-वर्ष पैसे साठवून कार्ड घेतात आणि चुकीचा आकडा बघून घेतलं की मन खट्टू होतं ते वेगळंच.

चूक १: कोअर मोजून निकाल लावणे

स्पेक शीट उघडली की पहिले हेच दिसतं. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (कार्डातली हिशोब करणारी छोटी युनिटं), ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे जुनं भारी? नाही. ३०६० आलं २०२१ ला, ४०६० आलं २०२३ ला, मधे पिढी बदलली. जुन्याचा बूस्ट क्लॉक (कोअर चालतात तो वेग) १७७७ मेगाहर्ट्झ आहे, नव्याचा २४६०, आणि एल-टू कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून थेट २४ एमबीवर गेली. त्यामुळे कोअर कमी असूनही १०८०पी ला (फुल एचडीला) ४०६० साधारण २० टक्के पुढे असतं.

टेराफ्लॉप्सचं (सेकंदाला किती लाख कोटी हिशोब) पण तेच. आरटीएक्स २०८० टीआय चे कागदावर साडेतेरा आहेत आणि ३०७० चे वीस, पण गेममध्ये दोन्ही जवळपास एकाच पायरीवर. का, तर ३०-सिरीजमध्ये पूर्वी फक्त इंटीजर (पूर्ण संख्यांचे) हिशोब करणारी युनिटं फ्लोटिंग पॉइंट (दशांशाचे) पण करायला लागली म्हणून मोजणी दुप्पट झाली, पण गेममध्ये इंटीजरचं काम असतंच, ती युनिटं तिकडे लागली की कागदावरचा आकडा कागदावरच राहतो. आणि एनव्हिडियाचे कोअर आणि एएमडीचे स्ट्रीम प्रोसेसर तर कधीच समोरासमोर ठेवू नका. एएमडीच्या आरएक्स ७६०० मध्ये ते २०४८ आहेत, टेराफ्लॉप्स २१ च्या वर, ४०६० चे १५, आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशोब) बंद ठेवून खेळलात तर दोघांत फार फरक नाही. एकाच पिढीत, एकाच कंपनीत कोअर मोजा, त्याच्या बाहेर नको.

चूक २: व्हीरॅम म्हणजे स्पीड समजणे (किंवा व्हीरॅमकडे बघायचंच नाही)

व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बस म्हणजे तिच्यापर्यंतचा रस्ता किती रुंद, आणि बँडविड्थ म्हणजे त्यावरून सेकंदाला किती डेटा जातो. ३०६० ला १२ जीबी, १९२ बिट बस, सेकंदाला ३६० जीबी बँडविड्थ. ४०६० ला ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी. आपल्या किचनच्या ओट्यासारखं समजा, सगळं सामान ओट्यावर मावतंय तोवर ओटा मोठा असल्याने भाजी लवकर शिजत नाही, पण मावेनासं झालं की दर मिनिटाला माळ्यावर चढावं लागतं. तसंच ८ जीबी भरली की कार्ड सिस्टीमच्या रॅमकडे धावतं. ओळखायचं कसं? ॲव्हरेज एफपीएस छान दिसतात पण कॅमेरा फिरवला की झटका बसतो, नाहीतर भिंतींचे टेक्स्चर (त्यांच्यावरचं चित्र) बराच वेळ धूसर राहतात. अशा वेळी बाकी कशाला हात न लावता टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन करणार असाल किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणार असाल तर मी आजही १२ जीबीवालं सुचवेन, कारण तिथे आधी मावलं पाहिजे, स्पीड नंतर. उलट व्हिडिओ रेकॉर्ड करून टाकणाऱ्यांनी हे बघा की एव्ही१ एन्कोडिंग (नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ कॉम्प्रेस करणं) ४०६० मध्ये आहे, ३०६० मध्ये नाही.

चूक ३: नाव सारखं म्हणून कार्ड सारखं

याचा मला मनापासून राग येतो. ३०६० चंच ८ जीबीवालं व्हर्जन आहे, त्याची बस १२८ बिटची, बँडविड्थ २४० जीबी. म्हणजे फक्त मेमरी कमी नाही, ते हळू पण आहे. ३०५० च्या ६ जीबीवाल्यात तर कोअर पण कमी केलेत, २५६० चे २३०४. जीटी १०३० च्या डीडीआर४ व्हर्जनची बँडविड्थ जीडीडीआर५ वाल्याच्या जवळपास एक तृतीयांश आहे. लॅपटॉपमधलं ४०६० कंपनीने किती वॅट दिलेत त्यावर अवलंबून, ३५ पासून ११५ पर्यंत काहीही. बिल करण्याआधी बॉक्सवरचा जीबी आणि मेमरीचा प्रकार स्वतः वाचा, दुकानात कितीही गर्दी असली तरी.

चूक ४: चार्टवरचा उंच बार बघून भुलणे

चार्टखालची बारीक अक्षरं वाचा. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या एआय तंत्राचं फ्रेम जनरेशन ४०६० वर आहे, ३०६० वर नाही, ते चालू ठेवून काढलेले फ्रेम मधे घुसवलेले असतात, दिसायला स्मूद वाटतं पण माऊसचा रिस्पॉन्स तेवढा सुधारत नाही. दोन्हीकडे ते बंद असलेला चार्ट शोधा, आणि ॲव्हरेजसोबत वन पर्सेंट लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचे एफपीएस) बघा.

आता मावसभावाची केस. टेस्ट करणारे लोक सगळ्यात तगडा सीपीयू (प्रोसेसर) लावतात, ह्याच्याकडे आय५ ९४००एफ, एच३१० मदरबोर्ड आणि रॅमची १६ जीबीची एकच स्टिक. मित्राकडे त्याहून वेगवान प्रोसेसर, रायझन ५६००. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमवरच दिसणारे आकडे) लावायला सांगितला तर जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, युसेज ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कार्ड नुसतं वाट बघत बसलेलं. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायला लावलं, म्हणजे कार्डाचं काम हलकं केलं, तरी एफपीएस जागचे हलले नाहीत, तिथेच कळलं की सीपीयू अडवतोय. तशीच दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल केलं (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरात), झटके बरेच कमी झाले, आणि सेटिंग्ज मीडियमवरून हायवर नेल्या तरी एफपीएस पडले नाहीत कारण कार्डात जोर शिल्लक होताच. बाकीचं आता प्रोसेसर बदलेल तेव्हा.

त्याच्या बोर्डावर अजून एक गोष्ट होती. ४०६० बोर्डाशी बोलायला पीसीआयईच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, ३०६० सोळा. बोर्ड पीसीआयई ३ या जुन्या, हळू पिढीचा असेल तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये "x८ ३.०" दिसतं, घाबरू नका, एरवी थोडासाच फरक पडतो, पण व्हीरॅम भरली की हाच अरुंद रस्ता जास्त जाणवतो.

पॉवरचं थोडक्यात

४०६० चे ११५ वॅट विरुद्ध ३०६० चे १७०. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साडेसहा युनिटचा फरक, लाइट बिलासाठी एवढा विचार नको. पण जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असेल तर हे ५५ वॅट महत्त्वाचे, गेम चालू असताना मशीन धाडकन रीस्टार्ट होत असेल तर कार्डाआधी एसएमपीएस तपासा.

आणि सेकंड हँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच जीपीयू-झेड उघडा. कार्डाचा बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून जुनी कार्डं नव्या नावाने विकतात, असं बनावट एनव्हिडिया कार्ड असेल तर जीपीयू-झेडमध्ये बऱ्याचदा नावापुढे फेक लिहून येतं. कोअर, बस आणि मेमरी कंपनीच्या शीटशी जुळवा, मग अर्धा तास लोड टाकून टेम्परेचर आणि स्क्रीनवर ठिपके येतायत का ते बघा. तो म्हणाला "वेळ नाही", तर पैसे खिशातच ठेवा आणि सरळ घरी या.