कमी पैशात गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय? आधी हे बघा

भाऊ, नागपुरात बर्डीवर पार्ट घ्यायला जायच्या आधी घरच्या पीसीचा डबा उघड आणि पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाच, किती वॅटचा आहे आणि ग्राफिक्स कार्डसाठी ६ किंवा ८ पिनची वायर निघते का ते बघ. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डला ७५ वॅटच मिळतात, ६ पिन अजून ७५ देते, ८ पिन १५०, म्हणून जुन्या ऑफिसवाल्या पीसीत सप्लाय बदलायचा नसेल तर बिनपिनवालं (वेगळी पॉवर वायर न लागणारं) जीटीएक्स १६५० कार्ड घे, पण त्याचे पिनवाले मॉडेलपण येतात तर फोटो नीट बघ. आरएक्स ६४०० पण बिनपिनचंच, फक्त ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरते त्यामुळे जेन ३ बोर्डवर, म्हणजे जुन्या, हळू पीसीआयई स्लॉटवाल्या मदरबोर्डवर, मार खाते. आणि दुसऱ्या वायरला पिनचा कन्व्हर्टर लावून लोकल सप्लायवर मोठं कार्ड चालवू नको बाप्पा, बाकी कुठंही वाचव, सप्लायमध्ये नाही.

रॅमची एकच ८ जीबीची स्टिक असेल तर तशीच दुसरी टाक, ड्युअल चॅनलने (दोन्ही स्टिक एकाच वेळी चालल्याने) खरंच फरक पडतो. एसएसडीने लोडिंग फास्ट होते, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) नाही वाढत.

एएमडीचा बी४५० मदरबोर्ड असेल तर मस्तच, रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसतो, पण बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट कर.

सेकंडहँड कार्ड दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघ, स्क्रीनवर ठिपके, पट्टे दिसले की सरळ परत दे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा जाळीवाली कॅबिनेट, समोरून हवा आत, मागून बाहेर, आणि जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडं नेणारा लेप) उन्हाळ्याआधीच बदलून घे.