प्रौढ बॉल पायथन उंदराकडे पाठ फिरवत असेल तर

इंग्लंडमधील आमच्या घरची प्रौढ बॉल पायथन (अजगराची एक जात) मादी दर आठवड्याला दिलेला उंदीर हुंगून तोंड फिरवत असे; तिचे वजन, १,६०० ग्रॅम, मात्र घटत नव्हते. भक्ष्य बदलून पाहिले, दिवसाआड देऊन पाहिले, आणि काळजीने जीव मेटाकुटीला आला.

अखेर लागू पडले ते असे. प्रथम पेटीची उबदार बाजू ३२ आणि थंड बाजू २६ अंश सेल्सिअसवर स्थिर केली. नंतर तीन आठवडे काहीही न देता तिला निवांत राहू दिले. मग तिच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ८० ग्रॅमचा गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये पूर्ण वितळवून, पिशवीतून गरम पाण्यात ठेवून, डोके उबदार असतानाच अंधार पडल्यावर लांब चिमट्याने तिच्यासमोर धरला. या जातीच्या ओठांवरील खाचा उष्णता ओळखतात, त्यामुळे ही ऊब फार महत्त्वाची आहे. तिने मान आखडून मागे घेतली आणि झडप घातली. पुढचे ४८ तास तिला हात लावला नाही.

आता दर तीन आठवड्यांनी एकच उंदीर देते आणि दरमहा वजन करते. हिवाळ्यात निरोगी प्रौढ मादीने काही आठवडे न खाणे स्वाभाविक आहे. वजन उतरू लागले तर मात्र सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना लगेच दाखवावे.