जुन्या परमिट रूमचा आणि तिच्या मालकांचा इतिहास कसा शोधावा

नाशिकमध्ये भद्रकालीपासून देवळाली कॅम्पपर्यंत अशा काही परमिट रूम आहेत, ज्यांच्या पाटीवरील नाव परिसरातील तीन पिढ्यांना ठाऊक असते. मात्र तिचा मालक कोण, असे विचारल्यास तीन पिढ्या तीन वेगळी नावे सांगतात. त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. जागेचा मालक, परवानाधारक, धंदा चालवणारा आणि रोज गल्ल्यावर बसणारा ही चार वेगळी माणसे असू शकतात, आणि गिऱ्हाईक मात्र गल्ल्यावरच्या माणसालाच ‘शेठ’ म्हणते. म्हणून कामाला लागण्यापूर्वी वहीत या चौघांसाठी चार रकाने आखावेत आणि हाती येणारे प्रत्येक नाव पुराव्यासह योग्य त्याच रकान्यात लिहावे. मी स्वतः एका ठिकाणी नोकरनाम्यावरील, म्हणजे परवानाधारकाने कामाला ठेवलेल्यांच्या नोंदीतील, व्यवस्थापकाला मालक समजून दोन महिने त्याच्या घराण्याची वंशावळ जुळवत बसलो होतो.

पुढची पायरी काळाची चौकट आखून घेण्याची. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 साली आला, पुढच्या वर्षी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली, आणि धोरण सैल होण्यास 1960 चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे ‘आमचा बार 1952 पासून आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितल्यास त्याला खोडून काढू नये. त्या साली त्या जागेत काय होते, एवढेच विचारावे. बहुधा उत्तर चहाचे हॉटेल, खाणावळ किंवा किराणा दुकान असे येते, आणि खरी कहाणी तिथूनच सुरू होते. ‘परमिट रूम’ हे नावही याच कायद्याची खूण आहे, कारण पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. देशी दारूच्या दुकानाचा शोध घेत असल्यास 1973 चे महाराष्ट्र देशी दारू नियम ही महत्त्वाची खूण ठरते. दारूबंदीपूर्वीच्या काळासाठी 1878 चा आबकारी कायदा आणि 1883 साली प्रसिद्ध झालेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर चाळावा. त्या काळी दारू विकण्याचा हक्क मक्त्याने, म्हणजे ठेक्याने, दिला जाई. आज आपण नाक मुरडून उच्चारतो त्या ‘गुत्ता’ शब्दाचा जुना अर्थही मक्ता असाच आहे.

जागेच्या मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डची) नक्कल घ्यावी. तीवरील फेरफार नोंदींत विक्री, वारसा आणि वाटणी तारखेसह दिसते. देवळाली कॅम्पमधील जागा असल्यास लष्करी छावणीच्या जनरल लँड रजिस्टरची, म्हणजे तिथल्या जमिनींच्या नोंदवहीची, चौकशी करावी लागते. घरपट्टीच्या नोंदींत मालकाबरोबर भोगवटादाराचे, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचे, नाव असते, आणि आपल्या कामासाठी तोच रकाना अधिक मोलाचा आहे. नाशिक महानगरपालिका 1982 साली स्थापन झाली, त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या नावाने मागाव्यात. भाडेकराराची अपेक्षा मात्र फार ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. त्यापूर्वीचे कितीतरी गाळे पागडीवर, नुसत्या भाडेपावत्यांच्या आधारे चालत. त्या पावत्या घरमालकाच्या वारसांकडे एखाद्या पत्र्याच्या पेटीत सापडू शकतात.

परवान्याचा इतिहास राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात असतो. आधी भिंतीवर टांगलेला चालू परवाना वाचावा आणि एफएल 3 चा, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याचा, क्रमांक टिपून घ्यावा, कारण पाटी बदलली तरी क्रमांकाच्या आधारे संचिका शोधता येते. त्यानंतर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. परवाना प्रथम कोणाच्या नावे दिला, कोणत्या तारखांना हस्तांतरित झाला आणि भागीदार कधी बदलले, एवढेच नेमके विचारावे. उत्तरासाठी साधारणतः तीस दिवसांची मुदत असते. त्रयस्थ व्यक्तीची माहिती असल्याने परवानाधारकास नोटीस जाऊ शकते. म्हणूनच आधी त्यांना भेटून हेतू सांगावा. न सांगता केलेला अर्ज त्यांना तक्रारीची चाहूल वाटतो आणि पुढे चहासुद्धा मिळत नाही.

आठवणी गोळा करताना साल विचारण्यात अर्थ नाही. ‘1969 च्या महापुराआधी की नंतर?’, ‘गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पुरात बुडाला तेव्हा फर्निचर कुठे हलवले होते?’, ‘1991 चा सिंहस्थ की 2003 चा?’ असे विचारले की नाशिककराची स्मृती आपोआप तारखेवर येते. जुन्या वेटरशी दुपारी, गर्दी नसताना बोलावे, कारण मालकीचे खरे बदल त्याला पगार कोणाच्या हातून मिळाला यावरून आठवतात. जाहीर नोटिसांसाठी 1938 पासून निघणाऱ्या ‘गावकरी’ या वृत्तपत्राचे जुने अंक कुठे पाहता येतील, याची सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या ‘सावाना’त, चौकशी करावी.

लिहिताना भागीदारांतील भांडणे, उधारी आणि कोण किती पीत असे, हे कितीही रंगवून सांगितले गेले तरी हयात माणसांच्या नावासह छापू नये. दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही जशाच्या तशा द्याव्यात, कागद कोणाच्या बाजूने आहे तेही लिहावे, आणि मजकूर छापण्यापूर्वी एकदा गल्ल्यावरच्या शेठांना वाचून दाखवावा.