व्यायाम जास्त होतो आहे की विश्रांती कमी पडते आहे? चाळिशीनंतर धावणाऱ्यांनी या चुका टाळा

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन आणि पावसाळ्याच्या अखेरीस यवतेश्वरच्या घाटातून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यांच्यामुळे महाराष्ट्रात चाळिशी ओलांडल्यावर धावायला लागलेल्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. यातील बहुतेकांनी बूट घातले ते रक्तदाब, साखर किंवा वाढलेले वजन आटोक्यात यावे म्हणून. परंतु वर्षभरातच प्रकृतीसाठीचा व्यायाम बाजूला राहतो आणि शर्यतीची वेळ कमी करण्यासाठीचा सराव त्याची जागा घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम पुरेसा आहे. ४२.१९५ किलोमीटर धावण्याची तयारी ही त्यापलीकडची हौस आहे. ती जरूर करावी, पण तिचा हिशेब वेगळा ठेवावा.

‘मध्यम’ म्हणत रोज जोरात धावणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे, आणि ती करणाऱ्याला ती सहसा कळत नाही. मध्यम व्यायामाची साधी ओळख अशी की, धावताना किंवा भरभर चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो व्यायाम जोरकस झाला. गटाने धावताना पुढच्याला गाठण्याच्या ओघात, किंवा घड्याळावरचा कालचा वेग आज घसरू नये म्हणून, ‘इझी रन’ म्हणून सुरू केलेली धाव शेवटी छोटी शर्यतच होऊन बसते. परिणामी सोपे दिवस पुरेसे सोपे राहत नाहीत, आणि त्यांतून आलेल्या थकव्यामुळे कठीण दिवशी जोर करण्याइतके बळ उरत नाही. वर्षानुवर्षे सराव करणारे उत्तम धावपटूदेखील आपला बहुतांश वेळ संथ गतीनेच धावतात, ही गोष्ट हौशी मंडळींना पटवणे फार अवघड जाते.

२२० मधून वय वजा करून काढलेल्या कमाल नाडीवरही फार विसंबू नये. तो सरासरीचा आकडा आहे; प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत मिनिटाला वीस ठोक्यांचा फरक असू शकतो, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील, म्हणजे नाडी मंदावणारी, गोळी चालू असेल तर हे गणित लागूच पडत नाही. आपल्याकडे आयुर्वेदाने सांगितलेला अर्धशक्ती व्यायाम, म्हणजे आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याहूनही कमी, हा दंडक एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा दमट कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी घड्याळापेक्षा जास्त विश्वासाने पाळावा.

विश्रांतीला आळस समजणे

धावल्याने स्नायू व हाडे यांच्यावर ताण येतो. ती मजबूत होतात ती त्यानंतरच्या झोपेत आणि विसाव्यात. रात्री बारापर्यंत कामात अडकून पहाटे साडेचारला लाँग रनसाठी उठणारा माणूस ताण घेतो, पण त्याचे फळ पदरात पडू देत नाही. याची लक्षणे एकदम उमटत नाहीत. उठल्याबरोबर अंथरुणातच मोजलेली नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा चढी राहते, झोप तुटक होते, कारण नसताना चिडचिड होते, सर्दी-खोकला वारंवार होतो आणि पूर्वी सहज जमणारा वेग जड वाटू लागतो. अशा वेळी सराव कमी पडतो आहे असे समजून तो वाढवणे ही पुढची आणि अधिक महागात पडणारी चूक होय.

२०१३ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थांनी संयुक्तपणे या अवस्थेच्या पायऱ्या मांडल्या आहेत. काही दिवसांच्या, फार तर दोनेक आठवड्यांच्या आरामानंतर कामगिरी सुधारली, तर तो सरावाचाच उपयुक्त भाग होता; सुधारायला आठवडे लागले तर मर्यादा ओलांडली गेली होती; आणि महिने गेले तर तो खरा अतिप्रशिक्षणाचा विकार. तो नेमकेपणाने दाखवणारी एकही रक्ततपासणी नाही. इतर कारणे वगळूनच तो ठरवावा लागतो.

प्रत्येक थकवा व्यायामाच्या माथी मारणे

आठवड्याला चार-पाच तास धावणाऱ्या माणसात अतिप्रशिक्षणाचा खरा विकार क्वचितच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. ज्या देशात ही स्थिती आहे, तेथे दम लागणाऱ्या धावपटू स्त्रीने आधी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घ्यावा. थायरॉइड, रक्तातील साखर, शाकाहारी व्यक्तींत बी-१२ जीवनसत्त्व, तसेच नुकताच होऊन गेलेला डेंग्यू किंवा चिकुनगुनिया यांचाही विचार त्याच वेळी व्हावा. श्रमाबरोबर छातीत दडपण येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणे, भोवळ येणे ही लक्षणे थकव्याच्या खात्यावर कधीही टाकू नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापात तर धावूच नये, आणि वेदनाशामक गोळी घेऊन लांब शर्यतीला उभे राहणे मूत्रपिंडांना धोक्याचे असते.

बऱ्याचदा दोष व्यायामाच्या प्रमाणात नसून ताटात असतो. वजन घटवण्यासाठी कमी खाणे आणि त्याच महिन्यांत धावण्याचे किलोमीटर वाढवणे, किंवा नवरात्रीचे नऊ दिवस उपवास धरून नेहमीचाच सराव चालू ठेवणे, यांमुळे शरीराला मूलभूत कामांसाठी लागणारी ऊर्जाही अपुरी पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या स्थितीकडे लक्ष वेधले आहे. मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही तिची ठळक खूण असून पुरुषांतही ती आढळते. पुढे हाडे ठिसूळ होतात. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला तडा गेल्याची शंका घेऊन धावणे तत्काळ थांबवावे.

एका मथळ्यावरून घाबरणे

२०१५ मध्ये कोपनहेगनच्या एका अभ्यासाचा हवाला देऊन ‘जास्त धावणे हे न धावण्याइतकेच घातक’ अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. त्या अभ्यासात कठोर धावणाऱ्यांचा गट जेमतेम चाळिसाच्या आसपास होता आणि त्यात दोन मृत्यू नोंदले गेले होते. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्याच वर्षी सहा लाख ६१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या पाहणीत शिफारशीच्या किमान प्रमाणाच्या तिप्पट ते पाचपटीपर्यंत लाभ वाढत गेल्याचे आणि दहापटीलाही मृत्यूचा धोका वाढत नसल्याचे दिसले. मात्र स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट या स्की शर्यतीत वारंवार उतरणाऱ्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण अधिक आढळले, हेही खरे. त्यामुळे अनेक वर्षे दीर्घ पल्ल्याचा सराव करणाऱ्याला मध्येच छातीत फडफड जाणवल्यास ईसीजी काढून घ्यावा.

सराव थांबवावा लागलाच, तर परतताना जुन्या आकड्यांपासून सुरुवात करू नये. पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्मे अंतर, तेही बोलता येईल अशा गतीने आणि एक दिवसाआड धावावे. सकाळची नाडी व झोप पूर्ववत राहिली तरच पुढच्या आठवड्यात थोडे अंतर वाढवावे आणि वेगाला सर्वांत शेवटी हात लावावा. मधल्या दोन दिवशी बैठका, जोर किंवा वजनांचा हलका व्यायाम करावा. मात्र पूर्वी सवय नसताना एकदम शे-दोनशे बैठका मारून लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याचे ते चिन्ह असू शकते आणि त्यासाठी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.