एनपीएम पॅकेज प्रकल्पात घेण्याआधी

एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस मिळण्याचं ठिकाण. पॅकेज निवडताना गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे तारे (लोकांनी दिलेली पसंती) आधी बाजूला ठेवा. ते लोकप्रियता सांगतात, देखभाल नाही. शेवटची आवृत्ती कधी आली आणि बगच्या तक्रारींना उत्तर मिळतं का, ते पाहा. छोटं, पूर्ण झालेलं पॅकेज दोन वर्षं शांत असलं तरी चालतं. नेटवर्क किंवा एनक्रिप्शनचं असेल तर नाही.

मग रिकाम्या फोल्डरमध्ये 'इग्नोअर-स्क्रिप्ट्स' पर्याय लावून इन्स्टॉल करा. नाहीतर पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (इन्स्टॉल होताच आपोआप चालणारा पॅकेजचा कोड) तुमच्या मशीनवर लगेच चालते, आणि तपासणी सुरू होण्याआधीच उशीर झालेला असतो. 'एनपीएम एलएस' ही आज्ञा 'ऑल' पर्याय लावून चालवा आणि सोबत किती पॅकेजेस आली ते मोजा. धोका बहुधा या शेपटातच असतो: २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या नव्या देखभालकर्त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे अवलंबन (सोबत येणारं दुसरं पॅकेज) जोडलं आणि त्यातून बिटकॉइन वॉलेट चोरणारा कोड आत शिरला. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड या पॅकेजच्या जेमतेम ११ ओळी रजिस्ट्रीवरून (एनपीएमच्या पॅकेज-साठ्यावरून) निघाल्या आणि असंख्य बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायची कामं) कोसळले. एवढ्या ओळी स्वतःच लिहाव्यात!

लायसन्सची फाइलच नसेल तर कोड वापरायची परवानगी नाही, असंच धरा. एजीपीएल (नेटवर्कवरून सेवा दिली तरी बदललेला कोड खुला करायला लावणारं लायसन्स) दिसलं तर कायदा विभागाला विचारा.

चाचणीसाठी रीडमीतलं (पॅकेजच्या माहितीफाइलीतलं) उदाहरण नको, तुमच्या प्रकल्पातलं सर्वांत अवघड काम घ्या: मोठी फाइल, तुटलेलं कनेक्शन, देवनागरी मजकूर. त्रुटीसंदेश वाचून कारण कळतं का, तेही बघा.

पसंत पडलं, तर नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइल कमिट करा (कोडसोबत जतन करा), सीआयमध्ये (दर बदलानंतर आपोआप होणाऱ्या बिल्ड आणि चाचण्यांत) 'एनपीएम सीआय' ही लॉकफाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारी आज्ञा वापरा आणि पॅकेजला थेट हाक एकाच मॉड्यूलमधून मारा. उद्या बदलायचं झालं तर तेवढीच फाइल उघडावी लागेल.