मृगाआधी धाब्यावर चढाल तेव्हा

मृग लागायच्या आधी आपण धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर चढतो, पांढऱ्या मातीचा नवा थर देतो आणि आता घर गळणार नाही म्हणून निर्धास्त होतो. यंदा चढताना एक सळई सोबत घ्या आणि माती किती जाड झालीय ते आधी पाहा. आजोबांच्या काळापासून थरावर थर चढत आलेत. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे बरोबर एक ब्रास, शंभर घनफूट. चार-पाच टन वजन, भूकंपात तेच खाली येतं, आणि त्याखाली लेकरं झोपतात. म्हणून जुनी माती आधी खरवडून उतरवा, वीतभराच्या वर थर ठेवू नका. गळायची भीती वाटली तर मध्ये जाड प्लास्टिक अंथरा.

मला ही काळजी किल्लारीनं लावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे तिकडच्या धाब्याखाली. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. आपल्या गावातही ‘इथं कुठला आलाय भूकंप’ असंच म्हणतात. पण वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला ४.५ चा धक्का बसला, आणि ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत जाणवला.

धाब्यावरून उतरलात की भिंतीकडे या. जुनी दगडी भिंत बाहेरून एक दिसली तरी आत दोन पापुद्रे असतात, मध्ये चिखल आणि कपच्या. पावसाचं पाणी मुरून भिंतीला पोट आलेलं असेल तर ते बाहेरून गिलावा करून झाकू नका. भिंतीच्या लांबीत दर चार फुटांवर आणि उंचीत दर दोन फुटांवर असा एकेक आरपार दगड दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवतो. तो मुळात नसेल तर जाणत्या मिस्त्रीकडून हलक्या हातानं भोक पाडून आत सळई आणि काँक्रीट भरून घेता येतं. भोकं मात्र एका वेळी एकच पाडायची. खांब-तुळयांचं घर असेल तर खांब आणि तुळईच्या कोनात तिरके लाकडी टेकू ठोकून घ्या.

भेगांनी लगेच घाबरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, तशी भिंतही हलते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं तारीख टाका आणि पोळ्याला परत पाहा. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटत असतील तर मात्र थांबू नका, मिस्त्री बोलवा.

घरकुल बांधत असाल तर एवढं एक अडून बसून करून घ्या: लिंटेल फक्त दार-खिडकीवर नको, चारही भिंतींवरून सलग फिरलेलं पट्टं हवं, आणि कोपऱ्यात सळया वाकवून एकमेकींत गुंतवलेल्या हव्यात. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब. वैशाखातल्या उन्हात काँक्रीट पाण्याशिवाय जळतं. ओलं गोणपाट टाकून निदान दहा दिवस, जमलं तर चौदा दिवस पाणी मारा. टंचाईत हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे, तरी सांगतो. पाण्याची सोय नसेल तर स्लॅब पुढं ढकला.

घरात खाट सज्जाखाली नको, कपाट भिंतीला पट्टीनं बांधा. कापसाच्या दिवसांत ओसरी गच्च भरते आणि दार अर्धंच उघडतं. मुलुगूचा धक्का ऐन वेचणीच्या दिवसांत आला होता. दारापासून अंगणापर्यंतची वाट मोकळी ठेवा. मातीच्या घरात दाराजवळ असाल तर तडक बाहेर पडा आणि बोळात न थांबता मोकळ्या जागी या. पक्क्या घरात मजबूत टेबलाखाली शिरा. धक्का थांबला की मेन स्विच बंद, सिलिंडर बंद, मदतीला ११२. जनावराची दावण एका हिसक्यात सुटेल अशा गाठीची ठेवा, आणि ती गाठ घरातल्या पोरांनाही सोडता आली पाहिजे.

आमच्या धाब्यावरून गेल्या वैशाखात दोन ट्रॉली माती उतरवली. यंदा मागच्या भिंतीचं पोट काढायचं आहे.